‘संगणकाच्या साहाय्याने तपासणी’ म्हणजे नेमके काय, ते अहवालात लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या आतड्यातील गाठी संगणकाने शोधण्याच्या तंत्राविषयी जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. हा विषय घेतल्याबद्दल आधी आभार, कारण विदर्भात या आजाराविषयी बोलायलाही लोक संकोचतात आणि शौचावाटे रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढतात. परंतु ‘यंत्राच्या नजरेतून आता गाठ सुटणार नाही’ हा जो लेखाचा एकूण सूर होता, तो मला खटकला. मी नागपुरात चौतीस वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, काळोख्या खोलीत ओल्या फिल्म चिमट्याला टांगून वाळवण्यापासून सीटी स्कॅनच्या पडद्यापर्यंतचा काळ पाहिला, आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या मोठ्या भावाच्या निमित्ताने याच तपासणीत रुग्णाचा नातेवाईक म्हणून उभा राहिलो. त्यावरून सांगतो, की यंत्राला काय दिसले हा प्रश्न नंतरचा आहे. त्याला आधी काय दाखवले गेले हे विचारायला हवे, आणि आपल्या शहरात मी पाहिलेल्या अहवालांत नेमके तेच लिहिलेले नसते.

प्रथम एक दुरुस्ती. लेखात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिली म्हणजे कोलोनोस्कोपी, अर्थात गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेली प्रत्यक्ष पाहणी. तिच्यात डॉक्टर आतडे पाहत असतानाच संगणक पडद्यावर संशयास्पद जागेभोवती चौकट काढतो. चीनमधील चेंगडू येथे 1058 रुग्णांवर झालेला आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला जो अभ्यास लेखात अर्धवट उद्धृत केला आहे, तो या प्रकारचा. त्यात ज्यांच्या आतड्यात पुढे कर्करोगात बदलू शकणारी किमान एक गाठ सापडली अशांचे प्रमाण 20.3 टक्क्यांवरून 29.1 टक्क्यांवर गेले हे खरे आहे. मात्र ही वाढ प्रामुख्याने अगदी बारीक गाठींमुळे होती, हे लेखात आलेले नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सीटी कोलोनोग्राफी. तिच्यात दुर्बीण नसते. आतडे वायूने फुगवून रुग्णाचा सीटी स्कॅन काढतात आणि त्या प्रतिमांवरून संगणक गाठी शोधतो. मला बोलायचे आहे ते या दुसऱ्या तपासणीविषयी.

आमच्या उमेदीच्या काळात मोठ्या आतड्यासाठी बेरियम एनिमा करत असू. पांढरे दाट द्रव गुदद्वारातून सोडायचे, मग हवा भरायची, आणि रुग्णाला टेबलावर कूस बदलायला लावत एकेक चित्र घ्यायचे. वयस्क माणसे लाजेने अर्धमेली होत. 1994 मध्ये अमेरिकेत डेव्हिड वायनिंग यांनी सीटीच्या प्रतिमांमधून आतड्याच्या आत जणू फिरून येता येते असे दाखवले, तेव्हापासून या तपासणीची वाट बदलली. आज रुग्णाला आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे औषध देतात, शिवाय बेरियम किंवा आयोडीनयुक्त औषध पाजतात, म्हणजे आत राहिलेला मळ आणि पाणी प्रतिमेत पांढरे दिसते व गाठीपासून वेगळे ओळखू येते. नंतर बारीक नळीने कार्बन डायऑक्साइड भरतात, कारण तो शरीरात लवकर शोषला जातो व पोटात कळा कमी येतात. मग रुग्णाला एकदा उताणे आणि एकदा पालथे झोपवून दोनदा स्कॅन होतो. जवळजवळ दीड मीटर लांबीच्या आतड्याचे दोन्ही स्थितींतले मिळून हजाराच्या घरात काप तयार होतात. हे सगळे काप डोळ्यांनी पाहणारा माणूस थकतो, आणि थकलेल्या डोळ्यांतून सुटते ते पकडण्यासाठी संगणक आणला गेला.

तो ते कसे करतो, हे समजायला अवघड नाही. पितळी पातेल्याला बाहेरून ठोका बसला की आतल्या बाजूला फुगवटा येतो. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेली मांसल गाठ, प्रतिमेत तशीच दिसते. आतड्याची भिंत आतून खोलगट असते, तिच्या नैसर्गिक घड्या कडेसारख्या लांबट असतात, आणि गाठ टोपीसारखी उठून येते. जुन्या पद्धतीच्या प्रणालीत संगणक भिंतीच्या प्रत्येक बिंदूपाशी बाक किती व कसा आहे हे मोजतो आणि टोपीसारख्या जागा वेगळ्या काढून त्यांतील खोट्या गाळतो; नव्या प्रणालीत हजारो उदाहरणे दाखवून त्याला शिकवलेले असते. दोन्हींत एक अडचण सारखीच आहे, ती म्हणजे टोपीसारखे दिसणारे सगळेच गाठ नसते. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तिथली झडप तशीच दिसते, जाड झालेली घडी तशी दिसते, वायूच्या नळीचे टोक तसे दिसते, आणि सर्वांत जास्त वेळा तसा दिसतो तो भिंतीला चिकटलेला मळाचा गोळा. उलट जी गाठ चपटी पसरते, तिला टोपीचा आकारच नसतो, आणि तिथे संगणकही माणसासारखाच चुकतो.

आता आकडे पाहू. डिसेंबर 2003 मध्ये अमेरिकेतील तीन लष्करी रुग्णालयांतील कोणतीही लक्षणे नसलेल्या 1233 प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी धोकादायक गाठ असलेल्यांपैकी 93.8 टक्के जण सीटी कोलोनोग्राफीने ओळखले. पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, नऊ रुग्णालयांतील 615 जणांवरचा दुसरा अभ्यास आला आणि त्यात एवढ्याच आकाराची गाठ असलेल्यांपैकी या तपासणीने जेमतेम 55 टक्के जण ओळखले. तपासणीचे नाव तेच आणि यंत्रेही त्याच जातीची असताना एकीकडे शंभरातून सहा सुटतात आणि दुसरीकडे पंचेचाळीस. पहिल्या अभ्यासात मळ पांढरा करणारे औषध प्रत्येकाला दिलेले होते. दुसऱ्यात ते दिलेले नव्हते, आणि प्रतिमा वाचणाऱ्या डॉक्टरांपैकी अनेकांचा या तपासणीचा अनुभवही बेताचाच होता. संगणकाविषयीचा जो निष्कर्ष वारंवार सांगितला जातो, की 792 रुग्णांत त्याने मोठ्या धोकादायक गाठींपैकी 89.3 टक्के शोधल्या आणि प्रत्येक रुग्णामागे सरासरी 2.1 खोट्या खुणा केल्या, तो 2005 चा अभ्यास याच पहिल्या, नीट तयारी केलेल्या रुग्णांच्या प्रतिमांवर झालेला आहे. म्हणजे 89 हा आकडा स्वच्छ व रंगवलेल्या आतड्यासाठीचा आहे. नागपुरातील धंतोलीत किंवा रामदासपेठेत घाईघाईने केलेल्या स्कॅनवर तो जसाच्या तसा चिकटवणे बरोबर नाही.

हे मी पुस्तकी ज्ञानावर बोलत नाही. माझे मोठे बंधू 66 वर्षांचे, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेले. आमच्या कुटुंबात हा कर्करोग होऊन गेलेला असल्याने डॉक्टरांनी तपासणी सुचवली, आणि भूल व गोळ्यांचा विचार करून दुर्बिणीऐवजी आधी सीटी कोलोनोग्राफी करायचे ठरले. शहरातील एका खासगी केंद्राने तयारीचा जो कागद हातात दिला, तो संपूर्ण इंग्रजीत होता. त्यावर ‘कमी चोथ्याचा आहार’ अशा अर्थाचे तीन शब्द होते. चोथा कशात असतो ते लिहिलेले नव्हते. दादांनी भाकरी सोडली, वांग्याची भाजी सोडली, आणि दिवसभर आमच्या काटोलच्या नातेवाइकांकडून आलेली संत्री खाल्ली. मी रागावलो तेव्हा म्हणाले, ‘‘संत्रं म्हणजे तं पाणीच असते न बे, त्यात खाणं कुठं आलं?’’ रंगवण्याचे औषध एकदाच घ्यायचे समजून अर्धी बाटली तशीच राहिली. मी स्वतः या खात्यातला असून तो कागद आदल्या दिवशी पाहिला नाही, हा माझा दोष, आणि तो मी कबूल करतो.

अहवाल दुसऱ्या दिवशी आला. ‘संगणकाच्या साहाय्याने तपासणी केली, लक्षणीय गाठ आढळली नाही.’ घरात पेढे वाटायचेच बाकी होते. मला मात्र चैन पडेना, म्हणून सीडी घेऊन ओळखीच्या एका ज्येष्ठ रेडिओलॉजिस्टांकडे, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांकडे, गेलो. त्यांनी पहिल्या दोन मिनिटांत मान हलवली. उजवीकडच्या आतड्यात पाण्याचे डबके होते आणि ते रंगलेलेच नव्हते. डावीकडचा वळणाचा भाग फुगलाच नव्हता, भिंतीला भिंत चिकटून बसलेली. आणि जागोजागी संत्र्याच्या सालपटांसारखे धागेदार मळाचे पुंजके. संगणकाने सात खुणा केल्या होत्या, सगळ्या त्या पुंजक्यांवर. वाचणाऱ्याने त्या मळाच्या म्हणून खोडल्या, तेही बरोबरच होते. पण जो भाग दिसलाच नव्हता त्याविषयी अहवालात एक शब्दही नव्हता, आणि ‘संगणकाच्या साहाय्याने’ या शब्दांमुळे आम्हा सगळ्यांना वाटले की आता शंकेला जागा नाही.

सहा आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तपासणी केली. या वेळी आहाराचा कागद मी स्वतः मराठीत लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावला होता. डॉक्टरांनी मला शेजारी बसू दिले. त्यांनी संगणकाच्या खुणा बंद ठेवून आधी सगळे आतडे स्वतः पाहिले, आपले मत कागदावर टिपले आणि मगच खुणा उघडल्या. पाच होत्या. दोन झडपेवर, एक वायूच्या नळीच्या टोकावरील फुग्यावर, एक जाड घडीवर. या चार त्यांनी अर्ध्या मिनिटात बाजूला केल्या. पाचवी सिग्मॉइड भागात, म्हणजे गुदाशयाच्या आधीच्या वळणदार भागात, एका घडीच्या मागच्या बाजूला होती, आणि तिच्यापाशी ते थांबले. उताण्या स्थितीतली प्रतिमा, मग पालथ्या स्थितीतली. मळ असता तर कूस बदलल्यावर सरकला असता, शिवाय त्यात हवेचे काळे ठिपके दिसले असते आणि तो रंगला असता. ही जागा दोन्हीकडे तिथेच होती, आणि आतून एकसारखी करडी. ‘‘ही माझ्याकडून सुटली होती,’’ असे त्यांनी सरळ म्हटले, आणि त्या एका वाक्यासाठी मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. 12 मिलिमीटरची ती गाठ पुढे हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने गोळ्या थांबवून कोलोनोस्कोपीने काढली. अजून कर्करोग झालेला नव्हता.

तेव्हा मी या यंत्राचा विरोधक कसा असेन? त्याच यंत्रजातीने पहिल्या वेळी आम्हाला खोटा धीर दिला आणि दुसऱ्या वेळी माझ्या भावाच्या जिवावरचे टाळले. मधल्या काळात बदलले होते ते आतडे आणि ते पाहण्याची शिस्त.

या शिस्तीचा गाभा म्हणजे वाचनाचा क्रम. संगणक ‘दुसरा वाचक’ असावा, ही या तपासणीतील रूढ व सुरक्षित पद्धत आहे. आधी माणूस, नंतर यंत्र. क्रम उलटा केला की माणूस यंत्राने दाखवलेल्या जागाच पाहतो आणि बाकीचे आतडे नुसते सरकवत जातो. गर्दीच्या केंद्रात हा मोह किती मोठा आहे, ते मी जाणतो. दिवसाला चाळीस स्कॅन वाचायचे असतील तर कोण पुन्हा पहिल्यापासून पाहणार? या सवयीचा परिणाम कसा होतो याची एक चाहूल पोलंडमधून आली आहे. तिथल्या चार केंद्रांत कोलोनोस्कोपीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरात आल्यानंतर त्याच डॉक्टरांनी यंत्राविना केलेल्या तपासण्यांत धोकादायक गाठी सापडण्याचे प्रमाण 28.4 टक्क्यांवरून 22.4 टक्क्यांवर उतरले, असे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. एका अभ्यासावरून अंतिम निर्णय देऊ नये, आणि तो दुर्बिणीचा अभ्यास आहे, स्कॅनचा नाही. तरी हातातले कॅल्क्युलेटर काढून घेतल्यावर पाढे आठवेनासे झालेला आपल्यापैकी प्रत्येक जण त्याचा अर्थ समजू शकेल.

खोट्या खुणांची किंमतही वाचकांनी समजून घ्यावी. अमेरिकेतील 15 केंद्रांवरचा 2008 चा मोठा अभ्यास घ्या. त्यात मोठी गाठ असलेले शंभरात साधारण चार होते. त्यांना ओळखण्याचे प्रमाण 90 टक्के, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याचे 86 टक्के. हे प्रमाण हजार जणांना लावून पाहा. चाळीस जणांना गाठ असेल तर छत्तीस सापडतील. उरलेल्या नऊशे साठ निरोगी लोकांपैकी मात्र सुमारे एकशे चौतीस जणांनाही ‘गाठ असावी’ असा अहवाल मिळेल. म्हणजे असा अहवाल हातात पडलेल्या पाच जणांपैकी चार जणांना तशी गाठ नसते. त्यांना पुढे कोलोनोस्कोपीला जावे लागते, आणि गडचिरोली, गोंदिया किंवा पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याहून नागपूरला आलेल्या कुटुंबासाठी त्याचा अर्थ आणखी दोन मुक्काम, बुडालेली मजुरी आणि मधली झोप उडालेली रात्र असा होतो. हे आकडे प्रशिक्षित डॉक्टरांच्या वाचनाचे आहेत. यंत्राच्या खुणा तपासून न पाहता तशाच अहवालात उतरवल्या, तर काय होईल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. ही यंत्रे ज्या प्रतिमांवर तपासली गेली त्यांचे मोठे, गाजलेले अभ्यास अमेरिका, युरोप आणि चीनमधले आहेत. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आहे आणि तो बहुधा लहान व मोठ्या आतड्याच्या त्या सांध्यापाशीच घर करतो, जिथल्या झडपेवर संगणक आधीच अडखळतो. क्षयाने जाड झालेली भिंत आणि कर्करोगाची गाठ यांत फरक करायला तुकडा काढून तपासावा लागतो. शिवाय भारतात गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने अधिक आहे आणि रुग्णही पाश्चात्त्यांपेक्षा तरुण असतात. गुदाशयाचा अगदी खालचा भाग स्कॅनमध्ये नळीच्या फुग्याआड दडू शकतो. तिथली गाठ अनुभवी डॉक्टरांच्या बोटाला दोन मिनिटांत लागते. ज्याला रक्त जात आहे, शौचाची सवय बदलली आहे, वजन उतरले आहे, त्याने स्कॅनच्या जाहिरातीमागे न जाता आधी नागपुरातील मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांत किंवा आपल्या जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन ती साधी तपासणी आणि गरज असल्यास थेट कोलोनोस्कोपी करून घ्यावी. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची चाचणी आहे; मोठ्या आतड्याची नाही, त्यामुळे ही दक्षता सध्या तरी घरोघरच घ्यावी लागते.

माझी मागणी लहान आहे. रुग्णावर वापरले जाणारे असे सॉफ्टवेअर 1 एप्रिल 2020 पासून आपल्या कायद्याने वैद्यकीय उपकरणांतच मोडते, आणि आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2023 मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही दिली आहेत. म्हणजे पाया आहे. त्यावर रेडिओलॉजिस्टांच्या शहरातील संघटनेने एवढेच ठरवावे, की ज्या अहवालावर ‘संगणकाच्या साहाय्याने’ हे शब्द असतील त्यावर आतड्याची तयारी भागवार कशी होती आणि कोणता भाग दिसला नाही हे असेल. डॉक्टरांनी खुणांच्या आधी वाचले की नंतर, हे असेल. आणि यंत्राने केलेल्या खुणांपैकी किती स्वीकारल्या व किती का नाकारल्या, हे सॉफ्टवेअरच्या नाव-आवृत्तीसह असेल. चार ओळींचे काम आहे. दादांच्या पहिल्या अहवालात यातली केवळ पहिली ओळ असती, तरी आमचे सहा आठवडे वाचले असते.

दुसरे काम त्याहून सोपे. तयारीचा कागद मराठीत आणि हिंदीत द्यावा, आणि त्यात पदार्थांची नावे असावीत. तुरीच्या डाळीची सालं, तीळ, जवस, पेरू, टमाट्याच्या बिया, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी. औषधाची बाटली किती वेळा, किती वाजता, पूर्ण संपवायची की नाही. मी दादांसाठी लिहिलेला कागद त्या दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून दुरुस्त करून दिला आहे. शहरातील कोणत्याही केंद्राला हवा असल्यास त्याची प्रत आपल्या कार्यालयामार्फत विनामूल्य देईन. त्यात संत्र्याला स्वतंत्र ओळ आहे, ठळक अक्षरांत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ
प्रतापनगर, नागपूर